चुलीजवळची कुंडी

गुलझिबा,

झुपार उठली की आधी तिला चहा दे, मग सांग. तिच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तीन कुंड्यांपैकी आटलेल्या समुद्राच्या तळाच्या मातीतलं बी आधी उगवलं, म्हणून काल पोरगी नाचत होती. "आजी, बघ, खारी मातीच जिंकली! तू उगाच नाक मुरडत होतीस!"

ते खरं नाही. तिन्ही कुंड्या एकाच जागी ठेवायच्या होत्या. शुक्रवारी, तळणीचा वास वारलेल्यांना पोचावा म्हणून त्यांच्या नावानं रोट्या तळताना मी ती खाऱ्या मातीची कुंडी चुलीजवळ आणली आणि तिथेच राहू दिली. उबेनं उगवलं ते. कोंबही चुलीकडेच वाकला आहे.

समुद्र आटल्यावर तुझ्या सासऱ्यांची होडी जिथे सापडली, तिथलीच माती पोरीनं आणली होती. ते स्वतः सापडलेच नाहीत. वाटलं, तळणीचा वास इतक्या जवळून तरी त्यांना पोचेल.

मी नवी माती आणायला गेले आहे, होडीपासून लांबची आणीन. प्रदर्शनाला अजून वेळ आहे, तिघी मिळून पुन्हा पेरू.

जुनी कुंडी मात्र रिकामी करू नकोस. त्यांना दुसरी कबर नाही.