अर्धी गोळी

मंगळवार, ६ सप्टेंबर १९९४

पुन्हा १८०/११०! महिना झाला गोळी सुरू करून, आणि नागूआज्जांचं प्रेशर जागचं हललेलं नाही. बस जाते तिथवर बस, पुढं चिखल तुडवत दिग्गी गाठायची, त्यांच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि तोच आकडा वहीत उतरवायचा. गोळी घेता ना? ‘व्हय.’ रोज? ‘व्हय.’ म्हातारा दुसरा शब्द खर्च करत नाही.

ट्रस्टच्या डॉक्टरांनी मोठ्या हौसेनं ही योजना काढली आहे. म्हाताऱ्या माणसांचं हृदय आणि मन एकदमच बघायचं, एकट्या डॉक्टरनं नाही, तिघांनी मिळून. एक डॉक्टर, एक मी, कुंभारवाड्याच्या दवाखान्यातली नर्स, एक गावचा माणूस. दिग्गीत तो माणूस म्हणजे येसाजी, कुणब्यांचा बुधवंत. त्यांचा शब्द इथं सगळे ऐकतात.

नागूआज्जांची बायको बाळी चैत्रात गेली. वैशाखात ह्यांच्या छातीत दुखलं, तेव्हा चौघांनी डोलीतून रस्त्यापर्यंत आणलं होतं. वाचले. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर नाही वाचायचे. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मंगळवार, १३ सप्टेंबर

गुरुवारी ट्रस्टची जीप आली तेव्हा डॉक्टरांनी डोस दुप्पट केला. आता सकाळी दोन गोळ्या. आज १७८/११०. काय बोलावं!

पण मनाच्या प्रश्नांचा कागद बरा निघाला. झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा होतो का — असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला तीनपर्यंत मार्क, जास्त तितकं वाईट. कागद कानडीत, विचारणारी मी मूळ खानापूरची मराठी, उत्तर देणारे कुणबी. ‘उदास’ म्हणजे काय हे सांगण्यातच माझा घाम निघतो. तरी जूनमध्ये एकोणीस मार्क होते ते आज अकरा! भिंतीकडं तोंड करून बसणारा माणूस आज मला चहा प्यालीस का विचारत होता.

मंगळवार, २७ सप्टेंबर

१७६/१०८. डॉक्टरांनी मागच्या वेळी विचारलंच — सिस्टर, गोळ्या पोचतात ना? म्हणजे काय, मी वाटेत खाते? रागानं कान तापले.

गंमत म्हणजे शेजारची केशरआक्का तिथंच बसली होती, सहज तिचं बघितलं तर १३८! पावसाच्या सुरुवातीला १७० होतं, आणि तिनं गोळी घ्यायला साफ नकार दिला होता. विचारलं तर म्हणे, लसूण खाते. मीही आता गोळ्या सोडून लसूणच वाटत फिरते!

मंगळवार, ४ ऑक्टोबर

कळलं. आज पहिल्या बसनं गेले म्हणून कळलं.

नागूआज्जा ओट्यावर बसून अडकित्त्यानं गोळ्या कातरत होते. दोन गोळ्यांची चार अर्धुकं, पानावर मांडलेली. एक स्वतःला, एक केशरआक्काला, एक गुणाला, एक फुलाला. वाडीत म्हातारी माणसं चारच. डॉक्टरांनी डोस वाढवला म्हणजे ह्यांच्या पानावर दोन घरं वाढली!

मी नको ते बोलले. सगळ्या वाडीसमोर बोलले. हे औषध आहे, प्रसाद नाही, मेलात तर कोण निस्तरणार! येसाजी मला बाजूला घेऊन समजावत होते की इथं ओढ्यातले मासे धरले तरी वाटे घरटी पडतात. जो आला नाही त्याचाही. आजारी असेल त्याचा तर आधी. एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणतात.

नागूआज्जा एवढंच म्हणाले, ‘ह्यास्नी बी तसंच व्हतंय न्हवं, बाय? मग मी एकट्यानं कसं गिळू?’

मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. यापुढं गोळी एकट्यानं, अख्खी. त्यांनी मान हलवली आणि अडकित्ता बटव्यात ठेवला.

गुणा आणि फुला दोघींचं तपासलं. दोघींना प्रेशर आहेच. म्हाताऱ्यानं बिनयंत्राचं बरोबर ओळखलं होतं.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

डॉक्टर आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. वाढवलेला डोस महिनाभर अख्खा पोटात गेला असता तर म्हातारा चक्कर येऊन पडला असता. आता एकच गोळी. बाकी तिघींची नावं यादीत, प्रत्येकीला आपापली डबी. म्हणाले, सिस्टर, टीम म्हणजे ही! मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

१३४/८६! वहीत लाल शाईनं लिहिलं. येसाजींना हाक मारून दाखवलं.

नागूआज्जा बघत नव्हते. प्रश्नांचा कागद उद्यावर ढकलावासा वाटत होता, पण भरला. अठरा.

मंगळवार, १ नोव्हेंबर

१३०/८४. कागदावर बावीस. इतके कधीच नव्हते.

परवा दिवाळी, आणि हे पुन्हा भिंतीकडं तोंड करून. केशरआक्काला विचारलं, काय झालं यांना? ती माझ्याकडं बघतच राहिली, हिला हेही समजत नाही का म्हणून. म्हणाली, ‘रोज सकाळी यायचा गोळी घेऊन. पाणी पिऊस्तवर बसायचा. बाळीचं बोलायचा, रडायचा बी. आता आमची आमच्याकडं डबी हाय. कशाला यील?’

परत येताना बसमध्ये सारखं डोळ्यांना पाणी येत होतं. बारा वर्षं नोकरी केली आणि मला हे दिसू नये! आकडा खाली आणला मी. माणूसही खाली आणला.

गुरुवार, १० नोव्हेंबर

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, चांगला माणूस आहे. मनाची पिवळी गोळी सुरू केली. गुण यायला तीन आठवडे लागतात. मी विचारलं, चौघांच्या गोळ्या नागूआज्जांच्याच हाती दिल्या तर? ते रोज घरोघरी देतील. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, कागदोपत्री नाही म्हणावं लागेल, पण तुम्ही आणि येसाजी ठरवा.

शनिवार, १२ नोव्हेंबर

आज जाऊन ठरवलं! चार पुड्या बांधून दिल्या. येसाजींनी समजावून सांगितलं. आज्जांनी घेतल्या. मी येताना जवळजवळ पळतच आले.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

पुड्या कोनाड्यात तशाच. तीन दिवस तिघी बिनगोळीच्या. फुलाचं १७२.

भांडायचं नाही असं ठरवून गेले होते. शेजारी बसून हळूच विचारलं, का दिल्या नाहीत? म्हणाले, ‘त्येंचंच त्येंना द्यायचं. ह्यात माझं काय हाय, बाय?’

तिघींच्या डब्या तिघींकडं परत दिल्या.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

१२६/८०. पेज शिवत नाहीत. पिवळी गोळी घेतात, मी म्हटलं म्हणून.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

येसाजी रस्त्यापर्यंत आले होते मला गाठायला. नागूआज्जांनी त्यांना बोलावून विचारलं म्हणे, बाळीला पुरलं तिथं शेजारी जागा आहे ना? येसाजी माझ्या पिशवीकडं बोट दाखवत होते. म्हणाले, ‘तुमच्या यंत्रात दिसत न्हाई व्हय हे?’

नाही दिसत. १२४/८०. डॉक्टर असते तर खूश झाले असते.

एकट्याला ठेवू नका, तिघींनी पाळीपाळीनं बसा, एवढं सांगून आले. दुसरं काय सांगणार? यशवंतना पत्र लिहायला घेतलं. नवऱ्याला तरी काय लिहायचं — इथं एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर चालला आहे आणि त्याची तब्येत उत्तम आहे? फाडून टाकलं. दोन दिवस डोकं ठणकतं आहे.

गुरुवार, १ डिसेंबर

जीप आली नाही. स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणे.

मंगळवार, ६ डिसेंबर

नागूआज्जांनी आज दंड पुढं केला नाही. म्हणाले, ‘रोज आमचंच बघतीस. आधी तुझं बांध.’

हसण्यावारी नेलं, ते हसले नाहीत. म्हणून बांधला पट्टा. स्वतःचं स्वतः बघायला जमेना, पुन्हा फुगवला, पुन्हा ऐकलं. १६४/१०२. मी बेचाळीस वर्षांची! ते पाऱ्याकडं बघत होते. किती, विचारलं. खोटा आकडा सांगता आला असता, सुचलाच नाही. आकडा सांगितला आणि रडू फुटलं. पेशंटसमोर, ओट्यावर बसून.

त्यांनी आपल्या डबीतली गोळी काढली. दातानं तोडली. अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.

नर्सनं पेशंटची उष्टी गोळी घेऊ नये. मी घेतली. पाणी पिऊन होईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी केशरआक्काला हाक मारली, दोघांची पेज आण म्हणून.