ईशान्येकडून आलेलं पाणी

बाबा, मागच्या आठवड्यात माझ्या खोलीची फरशी फोडावी लागली. तुम्ही उन्हात उभं राहून बसवून घेतलेली फरशी, आणि तिच्याखालचं काँक्रीट तर असं की प्लंबर थोड्या थोड्या वेळाने छिन्नी खाली ठेवून माझ्याकडे बघायचा, जसं काही ते मीच घातलं होतं. बरेच दिवस कपाटाखालून ओल येत होती. साड्यांना कुबट वास लागला, भिंतीचे पोपडे सुटले आणि स्वयंपाकघरातल्या नळाची धार करंगळीएवढी झाली. जमिनीखालचा पाइप गळतो आहे हे कळायला कोणी इंजिनियर लागत नव्हता. तो कुठून गेला आहे हे मात्र तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं आणि ते तुमच्यासोबतच गेलं, असं मी समजत होते.

नगर निगमची लाइन आपल्या समोरच्या रस्त्यावर आणि स्वयंपाकघरही रस्त्याच्याच अंगाला. कोणताही धड डोक्याचा माणूस पाइप सरळ आत घेईल. म्हणून प्लंबरने खणायला तिथूनच सुरुवात केली. पाणी खालच्या खाली उताराने माझ्या खोलीत जात असेल, असं तो म्हणाला आणि मलाही ते पटलं. दिवसभर ठोकाठोक चालली. आईने व्हरांड्यात शेगडी मांडली, त्याला दोनदा चहा दिला, मला खिचडी वाढली, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. ओट्यापासून दारापर्यंत नाली पडली. मुरूम निघाला, विटांचे तुकडे निघाले, पाइप काही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी प्लंबरने हॉलकडे मोर्चा वळवला, तेव्हा कुठे आई उठून दारात आली.

"भैया, इधर नहीं है," ती म्हणाली. "पूरा घर घूम के पीछे से आया है. दीदी के कमरे के नीचे से."

"अतेक घुमा के काबर लाए हव, अम्मा?" त्याने विचारलं. इतका फिरवून कशाला आणला, हा साधा प्रश्न होता. आईने त्याला मागचं दार दाखवलं. तो हत्यारं घेऊन मागे गेल्यावर उत्तर मला दिलं. "ईशान्येकडून पाणी घरात यावं लागते म्हणे. तुयं लग्न जमून नव्हतं राहिलं ना, म्हणून तुया बाबाने तसा टाकून घेतला."

तुम्ही, बाबा? शेजाऱ्यांनी वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून दार हलवलं, तेव्हा चोरांना नवीन पत्ता कळवला का, असं कुंपणावरून विचारणारे तुम्हीच ना? पुरानी बस्तीतली आत्या माझ्यासाठी स्थळ घेऊन आली की तिला चहा पाजून रिक्षात बसवून देणारे तुम्हीच ना? राज्य नवीन झालं, मला राजधानीच्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा तुम्ही मला स्कूटर घेऊन दिली आणि नातेवाइकांना ऐकवलं, "पोट्टीले ऑफिसले जायचं आहे, मांडवात नाही." त्या वाक्यावर मी आजवर जगले. आणि आता आई सांगते की तो वास्तूवाला त्या आत्यानेच धाडला होता आणि तुम्ही त्याच्यासोबत होकायंत्र घेऊन सगळं घर फिरलात.

काँक्रीट घातलं तो दिवस मला लख्ख दिसतो. मी ऑफिसातून येते, चपला हातात घेऊन फळीवरून आत शिरते. तुम्ही माझ्या खोलीत उभे आहात, टोपीवर सिमेंट उडालेलं. मी म्हणते, पाइप कुठून गेला ते सांगा, नकाशावर काढून ठेवते, पुढे कामी पडेल. तुम्ही गवंड्यांसमोर खेकसता, "तुले त्यातलं काय समजते? तू आपल्या फायली पाहा." मला लागलं होतं. तरी मी मनात म्हटलं, जन्मभर रेल्वेत पाण्याच्या लाइनी सांभाळलेला माणूस, याच्या डोक्यात सगळं पक्कं असेल. डोक्यात होतंच म्हणा. आत माझ्या लग्नाचा तोडगा पुरला होता आणि वर माझा पलंग मांडला जायचा होता. त्या पलंगावर बसून मी प्रमोशनच्या परीक्षांचा अभ्यास केला. सगळ्या गोतावळ्यात या एका घरात तरी माझ्या लग्नाचा विचार कोणी करत नाही, या समाधानात मी तिथे झोपत आले.

मी आईला विचारलं, मला काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, "ते म्हणत, तिले सांगू नको. आपण तिच्यात काही कमी पाहून राहिलो, असं वाटन तिले." मग पाहत होतात की नव्हतात? एवढंच मला हवं आहे आणि तेवढंच आई सांगू शकत नाही. तुम्हाला झोप लागत नसे, 'मी गेल्यावर पोट्टी एकटी पडेल' म्हणायचात, असं ती सांगते. मग मला हाक मारायची होती. मी सांगितलं असतं की जमत नाही असं काही नाही, मला करायचंच नाही. तुम्ही आत्याशी बोललात, वास्तूवाल्याशी बोललात, गवंड्याशी बोललात. मी शेजारच्या खोलीत होते, बाबा.

सांधा सडला होता, तो सापडला. मी जुना पाइप दोन्हीकडून बंद करून टाकला आणि नवीन रस्त्याकडून सरळ, भिंतीवरून, सगळ्यांना दिसेल असा घेतला. ईशान्येचं तेवढं राहू दे, आई म्हणाली. मी राहू दिलं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. हा कागदही लिहून झाला की फाडणार आहे, तिच्या हाती लागला तर तेवढंही बोलणार नाही.

आमच्या ऑफिसात अभनपुरची एक मुलगी नवीन लागली आहे. घरचे लग्नासाठी तिच्या मागे लागले आहेत. काल डबा उघडून नुसती बसली होती. मग विचारलं, "मैडम, आपके पापा ने आपको कुछ नहीं कहा था?" मी म्हटलं, "एक शब्द नहीं." तिचा चेहरा इतका उजळला की तुमचा राग डोक्यात असूनही मी पुढे स्कूटरची गोष्ट सांगितली, मांडवाच्या वाक्यासकट. पाइपचं सांगितलं नाही. सांगवलं नाही.