तीन घरांचं पाणी

मंगळवार, दिवेलागण

शनिवारी शाळेत विज्ञानाची संध्याकाळ, मुलांचे आईबापही येणार. आलेल्याला आधी पाणी द्यायला हवं, आणि शाळेची विहीर आटलेली. लातूर जिल्हा झाला, पाणी काही आलं नाही. म्हणून मीच सुचवलं, घरटी एक तांब्या आणा, आठवीतल्या रत्नाच्या वाळू-कोळशाच्या गाळणीत ओता, तेच सगळे पिऊ. हेडमास्तर म्हणाले, "सगळ्यांचं पाणी एकात? लोक न्हाई पिणार, बाई." माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हे. मी चिडले. कुठल्या काळात राहता, असंही त्यांना बोलले.

आत्ता रत्ना गाळणीचा माठ घेऊन घरी आली. खालच्या भोकाशी तांब्या धरला, भरला, माझ्यापुढे केला. आणि मी, हो मीच, विचारलं, "कुणाकुणाचं आहे गं?"

का विचारलं?

"आमचं, सलमाच्या घरचं, अन् आत्ताच तुमच्या रांजणातलं घेतलं. लई निवळ आलंय. आता तुमचं कोणतं, वळखून दाखवा बाई."

कार्टी हसतसुद्धा नव्हती. खरंच उत्तराची वाट बघत होती.

अख्खा तांब्या प्याले. उद्या आधी हेडमास्तरांची माफी मागायची.