अर्धी अर्धी

खारबाव,
१२ डिसेंबर २००७

प्रिय उन्नती,

तू पाणी प्यायला उठलीस तेव्हा दवाखान्याच्या बाकावरून तुझा रिपोर्ट मी उचलला. रक्तात विषाणू सापडला नाही, असं लिहिलं होतं. माझ्या कागदावर बेचाळीस हजार. तू परत आलीस तोवर कागद जागेवर होता आणि मी विचारत होते, तुला घरी कोनला जायला रिक्षा मिळेल ना.

आपण एकाच दिवशी गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. सहा महिन्यांत तुझे गाल भरले, ब्लाउज उसवून सैल करावे लागले, धामणकर नाक्यावर शिवणाचं काम धरलंस. मी तुझ्या दंडांकडे बघत बसायचे. परवा ते रिपोर्ट बघून घरी आले, देवापुढे दिवा लावला आणि मागितलं, तिचाही आकडा चढू दे. हेही लिहून टाकते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी चुकवतेस का? मी नाही म्हटलं. ते खरं आहे. एकही वेळ चुकलेली नाही. त्या म्हणाल्या, हे औषध तुला लागू पडत नाही, दुसरं मुंबईत मिळालं तर बघू.

पहिल्या दिवशी तू म्हणाली होतीस, तुझा मानूस तरी हाय गं. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्या माणसाचं, राकेशचं, रक्तही आपल्यासारखंच आहे, पण तो दवाखान्यात येत नाही. केसपेपर काढणारा सावळाराम त्याच्या मामाच्या गावचा, तिकडे कळेल ही भीती. म्हणून रोज दोन्ही वेळा मी अडकित्त्याने गोळी कापते. अर्धी त्याला, अर्धी मला. भाकरी मोडावी तशी. तुझ्या घरी अर्धी मागणारं कोणी नाही. हेवा वाटतो तो याचा. तुझा नवरा गेला याचा. बाईंसमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही. गोळीचं तेवढं तू त्यांना सांग, म्हणून लिहिलं.

तुझीच,
मनाली

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. सकाळी त्याची घडी मी घातली होती तशी नव्हती. राकेशने गोळी कापू दिली नाही, अख्खी माझ्या बशीत ठेवली. रिक्षात तो पुढे ड्रायव्हरजवळ बसला, ओळख नसल्यासारखा. आता मी आपल्या बाकावर आहे. तो सावळारामच्या खिडकीपुढे रांगेत उभा आहे. पुढे अजून चार जण आहेत.