दुसरा ट्रे

१८ एप्रिल १९९६, गुरुवार, हेब्बाळ

कडक उष्णतेतून काढलेले रागीच्या रोपांचे दोन ट्रे आज लॅबमध्ये पाहिले. एकाला आधी हळूहळू ऊब दिली होती, म्हणजे संकटात लागणारे जीन आधीच जागे झालेले. तो तगला. दुसरा थेट आत गेला होता. तो पार झोपला. बी दोन्हींत एकच. सर खूश झाले. मी "हो सर" म्हटलं. वाटलं काहीच नाही.

घरी वीणा अजून भिंतीकडे तोंड करून पडलेली. आई गेल्यापासून अशीच. आम्ही बाकीचे उठतो, जेवतो, कामाला जातो. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "तुम्ही सावरलात गं, धाकटीच फार नाजूक."

नाजूक? एकाच आईच्या ना आम्ही दोघी?

आईचं दुखणं आम्ही वर्षभर बघत होतो. वीणा धारवाडला, हॉस्टेलवर. अण्णा म्हणाले, "तिची परीक्षा आहे, कळवू नका." मीही दर रविवारी फोनवर "आई बरी आहे" म्हणत राहिले. मग एकदम तो शेवटचा फोन.

आत्ता तिच्यापुढे ताट ठेवलं. म्हटलं, "स्वल्प तरी खा."

तिनं मान वळवली नाही. म्हणाली, "ताई, सांगितलं असतंस तर मीपण रोज थोडं थोडं रडले असते."

मी ताट तिथंच ठेवून बाहेर आले. रडू आलं नाही.

दुसरा ट्रे फेकायचा होता. फेकला नाही. संध्याकाळी लॅबमधून निघताना त्याला पाणी घालून आले. कशाला, कोण जाणे.