मुंगीचं लायसन्स

४ मार्च
जे आपण स्वतःहून फुकट दिलं, ते चोरीला जाऊ शकतं का? मला उत्तर माहीत नाही. पण संताप आलाय, म्हणजे जात असणार.
कशाही लिहिलेल्या तारखा सरळ करून देणारा माझा छोटासा कोड. 'मुंगी' या टोपणनावाने इंटरनेटवर ठेवलाय. ओपन सोर्स. कुणीही वापरा, फक्त वरचं माझं नाव तसंच राहू द्या. या महिन्यात हजारो डाउनलोड. नक्की कुठलीतरी बडी कंपनी तो विकून गब्बर होतेय.

५ मार्च
आई म्हणाली, वाटायचंच होतं तर मोजत कशाला बसलीस. बाबांनी विचारलं, पोलिसात जायचं का. नको म्हटलं, लढा वैचारिक आहे. घरातली पहिली पदवीधर मी, तत्त्वांचं ओझं एकटीलाच वाहावं लागतं. याच महिन्यात नोकरी पक्की व्हायचीय. पण तत्त्वापुढे नोकरी काय.

९ मार्च, सकाळ
लायसन्स, म्हणजे वापरायच्या अटी, बदललं. माणसांना फुकट, कंपन्यांना पैसे. जुनी आवृत्ती काढून टाकली. खाली लिहिलं, 'दुसऱ्याच्या घामावर इमले बांधणाऱ्यांनो, दाम मोजा.' छान जमलंय. तीनदा वाचलं.

दुपार
ऑफिसात हाहाकार. आमचं बिलांचं सॉफ्टवेअर बंद पडलंय. कुठल्यातरी बाहेरच्या कोडने दगा दिला म्हणे. मदत करू का, विचारलं.

संध्याकाळ
बाहेरचा कोड माझाच. शेजारच्या सीनियरने कधीतरी घातलेला. आमचं टेस्टिंगचं मशीन प्रत्येक चाचणीला तो इंटरनेटवरून नव्याने डाउनलोड करतं. हजारो डाउनलोड त्या एका मशीनचे. बड्या कंपनीत आम्ही अठरा जण, दोन पंखे, त्यातला एक बंद.

१० मार्च
मीटिंग. साहेब म्हणाले, कोण ही हावरट मुंगी. सीनियर म्हणाला, आधी फुकट चारायचं, चटक लागली की गळा धरायचा, असलेच असतात हे. मी मान डोलावली. चळवळीत कधीकधी भूमिगत राहावं लागतं. उद्या सगळं खरं सांगणार.

११ मार्च
सांगणारच होते. तेवढ्यात साहेबांनी मलाच काम दिलं, तसाच कोड नव्याने लिही, आपल्या मालकीचा. तारखांचं तुला बरं कळतं, म्हणाले. कौतुक चालू असताना मधे बोलणं बरं दिसत नाही.

१३ मार्च
काहीही लिहिलं तरी जुन्यासारखंच होतंय. मुद्दाम वाईट लिहून पाहिलं. चाललं नाही.

१६ मार्च
नोकरी पक्की. आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं.
कोड जुनाच दिला, जसाच्या तसा. फक्त वरचं 'मुंगी' पुसून कंपनीचं नाव लावलं. सीनियर म्हणाला, अगदी त्या बयेसारखं लिहितेस. मी म्हटलं, पण मी हावरट नाही.
मुंगीची काही हरकत असेल तर तिने रीतसर कळवावं. तिचं खातं मी दुपारीच बंद केलंय.