फोटोतलं ‘पुढे वाचा’

मीनाचे बाबा,

तुमच्या फोनमधलं ते छातीच्या दुखण्याचं पान परवा अखेर उघडलं, म्हणून लिहिते आहे. वाचून राग आला तर येऊ द्या. मला आलेलाच आहे.

किती फोटो हो ते! आदिलाबादला बसची वाट बघत उभे राहायचात आणि फोनवर जे दिसेल त्या पानाचा फोटो काढून ठेवायचात. बोंडअळी, गुडघ्याचं तेल, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. मी विचारायची, “वाचता कवा हे सारं?” तुम्ही म्हणायचात, “अवं, तू हायेस ना वाचणारी! मी जमा करतो.”

मी शाळेत गेले नाही. मीनाच्या पुस्तकांतून अक्षरं शिकले, हे तुम्हीच गावभर सांगत फिरायचात. मग मला अर्धीच पानं का हो दिलीत?

तो फोटो तुम्ही मला पाठवला होता. ‘छातीत जळजळ होऊन घाम सुटला, तर ते पित्तच आहे असं समजू नका. अशा वेळी...’ आणि खाली निळ्या अक्षरांत ‘पुढे वाचा’. मी त्यावर बोट दाबलं. पुन्हा दाबलं. तुम्ही हसलात. “फोटो हाय तो, दाबून काय उघडते? उद्या लिंक धाडतो तुले.”

मग सोयाबीन काढायला आलं आणि ते राहूनच गेलं.

त्या दुपारी तुम्ही छाती चोळत ओसरीवर बसलात. कपाळावर घाम. मी म्हटलं, “त्या पानात लिवलं होतं ना, पित्त समजू नका म्हणून?”

“मंग काय करा म्हणते ते पान?”

मला काय माहीत! तुम्ही सोडा मागितलात, मी दिला. तो पिऊन भिंतीला टेकलात. गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

परवा मीना तामसीहून आली, तिला तो फोटो दाखवला. “आई, फोटोतली अक्षरंबी उचलता येतात. वरच्या मथळ्यावर बोट दाबून धर. आता कॉपी कर अन् शोधायच्या पट्टीत टाक.” एवढंच! पान उघडलं. पुढची ओळ होती, ‘वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.’

एवढ्याशा ओळीसाठी उद्या?

मीना म्हणाली, “बाबाले काय माहीत होतं, आई?” खरं आहे. पण मग मी कोणावर रागवू?

आता रोज तुमचे फोटो घेऊन बसते. मथळा उचलते, पान शोधते, शेवटपर्यंत वाचते आणि लिंक गल्लीतल्या बायांना पाठवते. पहिलं तेच पान पाठवलं. शेजारची चंद्रकला म्हणाली, “काकू, तुमी तं काकाच्याही वर निघाल्या!” म्हटलं, “काका फोटो धाडत होते. मी उघडणारं धाडते.” पत्रिका तेवढी सोडली. ते लग्न केव्हाच लागून गेलं असेल.

तुमचा एकही फोटो अर्धा ठेवणार नाही. आणि कोणाला ‘उद्या धाडते’ म्हणणार नाही, हा माझा शब्द. तुम्हाला माफ केलं, असं मात्र अजून लिहीत नाही.

तुमची वाचणारी,
शेवंता